पडद्याच्या काठावरची पानं

भिंगरीला पडद्यात स्वतःला गुंडाळून घ्यायचं वेड होतं. अडीच वर्षांची पोर. हात वर करून पडद्यात शिरायची आणि गोल गोल फिरत राहायची, पार नुसतं नाक बाहेर उरेपर्यंत. मग पीळ सुटला की उलटी भिरभिरत बाहेर यायची, जमिनीवर बसकण मारायची आणि हसायची. तिचं खरं नाव घरात कुणाच्या तोंडी उरलंच नव्हतं.

त्या मंगळवारी सकाळी ती अशीच भिरभिरत सुटली, आणि नेमकं तेव्हाच कुणी गिऱ्हाईक पुढचं दार लोटून आत आलं. पुढचं दार उघडलं की रस्त्यावरचा वारा सरळ मागच्या खिडकीकडे धावायचा आणि वाटेतला पडदा पोट फुगवून स्वयंपाकघरात यायचा. ओटा चौकटीला लागूनच होता, आणि शेगडी ओट्याच्या अलीकडच्या टोकाला, दाराशी. पलीकडे खिडकीखाली ठेवली तर वाऱ्यानं आच विझायची. दूध मंद आचेवर होतं. सून पाठमोरी उभी राहून बटाटे सोलत होती.

आधी वास आला, कागद जळाल्यासारखा. वळून बघते तो पडद्याचा काठ शेगडीवर आणि काठाला एक बारकी ज्योत, कुणाला त्रास नको म्हणून हळूच चालल्यासारखी वर निघालेली. तिच्या पायाशी भिंगरी टाळ्या वाजवत होती.

सुनेनं काठ मुठीत धरला आणि बटाट्याच्या पाण्यात बुचकळला. गॅस बंद केला. मग पोरीला उचललं आणि तिथंच उभ्या उभ्या तपासलं. केस, कान, पापण्या, दहाच्या दहा बोटं. पापण्या तर दोनदा. भिंगरीला वाटलं हा नवा खेळ आहे. तिनंही आईच्या पापण्यांना बोट लावलं.

सासूबाई गळ्यात टेप, ओठात टाचण्या अशा दाराशी आल्या.

"काय झालं?"

"पडदा पेटला."

"विझला ना?"

"विझला."

"मग झालं तर. दूध बघ, साय धरलीय." आणि त्या पुढच्या खोलीत परत गेल्या. गिऱ्हाईक बाहीत एक हात घालून उभं होतं.

घर म्हणजे दोन खोल्या. पुढची कामाची, मागची बाकी सगळ्याची. सासरे कापड बेतायचे. त्यांना सगळे मास्तर म्हणत, बायकोसकट. सासूबाई शिवायच्या आणि बायकांची मापं घ्यायच्या. नवरा इस्त्री, काजं, बटणं आणि पोचवापोचवी बघायचा. त्यात आता एका शाळेच्या गणवेशांची मोठी ऑर्डर आलेली. करड्या चड्ड्यांचे आणि स्कर्टांचे ढीग अगदी खुर्चीवरसुद्धा होते. मास्तर उभ्यानंच चहा प्यायचे.

आणि दोन खोल्यांच्या मध्ये तो पडदा. अकरा वर्षांपूर्वी सासूबाईंनी उरल्यासुरल्या तुकड्यांतून शिवलेला, शेकडो त्रिकोण जोडून. खालच्या काठावर हिरवी, पिवळी, तपकिरी पानं. गिऱ्हाईक आपल्या कोटाचं बोलायच्या आधी पडद्याचं बोलायचं. सासूबाई म्हणायच्या, "छे हो, वेळ जात नव्हता म्हणून." वेळ जात नाही असा दिवस त्या घरानं कधी बघितलेला नव्हता.

त्या दुपारी सून भिंगरीला थोपटता थोपटता स्वतःच झोपली. उठून बघते तो पडदा धुऊन, वाळवून, दुरुस्त करून आपल्या जागी. जळलेलं कुठं ते शोधूनही सापडेना.

"आई, हा परत नको होता लावायला."

"का गं?"

"पेटला होता सकाळी."

"पेटला कसला. चटका बसला." सासूबाईंनी मशीनवरून मान वर केली नाही. "अकरा वर्षं आहे तो तिथं. कधी काही झालंय?"

"आज झालं."

"आज पोरीनं खेचला. पोरीला सांभाळायचं."

सुनेच्या तोंडातून तेव्हा एक वाक्य गेलं, आणि ते चुकीचं गेलं. ती म्हणाली, "एवढे तुकडे जोडलेत. सगळे काय सुती असणारेत? एखादं नायलॉन निघालं तर अंगाला चिकटेल."

मशीन थांबलं. शिंपिणीला असं काही म्हणणं म्हणजे डॉक्टरला नाडी कुठं असते ते दाखवणं. सासूबाई उठल्या. पडद्यातल्या अकरा रंगांच्या तुकड्यांचे अकरा दोरे त्यांनी सुईनं ओढून काढले, बशीत मांडले, मेणबत्ती लावली, आणि मास्तरांना हाक मारली. "या, तुम्ही पंच."

एकेक दोरा चिमट्यात धरून त्या ज्योतीत न्यायच्या. भुर्र. बोटांत चुरडून दाखवायच्या. "राख. गोळी झाली का?"

"नाही," मास्तर म्हणायचे.

"चिकट लागतंय?"

"नाही."

अकराही दोरे तसेच गेले. नवरा इस्त्री उभी करून बघत होता. त्याला हसू आवरेना. मास्तर म्हणाले, "सूनबाई, खटला खारीज."

सून बशीतल्या राखेकडे बघत राहिली. आपण भलताच प्रश्न विचारला होता, हे आता तिच्या लक्षात येत होतं.

"आई, एकेक दोरा जळायला किती वेळ लागला?"

"वेळ कसला. धरला की गेला."

"तेच म्हणतेय मी. चिकटणार नाही. पण थांबणारही नाही."

सासूबाईंनी मेणबत्ती फुंकली आणि बशी सुनेच्या हातात दिली. "धुऊन ठेव. आणि उद्या बटाटे जरा कुरकुरीत तळ, आज मऊ झाले होते."

"उद्या नाही तळणार. पडदा तिथं आहे तोवर मी शेगडी पेटवणार नाही."

हे ती इतकं सावकाश म्हणाली, की पहिल्यांदा ते कुणाला कळलंच नाही.

बुधवारी सकाळी चहा झाला नाही. ब्रेड, दही, काकडी, केळी असं सगळं ओट्यावर नीट मांडलेलं होतं. उपाशी कुणालाच ठेवलं नव्हतं. मास्तरांनी केळं सोलता सोलता विचारलं, "हे आजारी माणसाचं की संपावरच्या माणसाचं?"

"खाणाऱ्यानं ठरवायचं," सून म्हणाली.

"माझ्या घरात चूल बंद राहत नसते," म्हणत सासूबाई पदर खोचून आत आल्या. तांदूळ धुतले, भात चढवला, कढईत तेल ओतलं. तेवढ्यात पुढून हाक आली. "आलेच," म्हणून त्या गेल्या. ही त्यांची जुनी सवय. काहीतरी चढवायचं, बाहेर जाऊन एक काठ टाचायचा, परत यायचं, ढवळायचं, पुन्हा जायचं. दोन्ही खोल्यांत त्या एकाच वेळी असतात असं गिऱ्हाइकांना वाटायचं. त्यांचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडलं, तशी सुनेनं गॅस बंद केला.

पाच मिनिटांनी सासूबाई आल्या.

"गॅस कुणी बंद केला?"

"मी."

"कशाला?"

"तुम्ही गेलात म्हणून."

"मी काय परदेशी गेले होते? इथं तर होते."

"तेल इथं होतं. तुम्ही तिथं होतात."

सासूबाईंनी पुन्हा पेटवलं. पुन्हा हाक आली. पुन्हा त्या गेल्या आणि पुन्हा गॅस बंद झाला. चौथ्या वेळी त्या नुसत्याच दारापर्यंत जाऊन झटकन वळल्या. सुनेचा हात बटणावर होता. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. कढईशेजारी सुनेनं एक मोठं सपाट झाकण उभं करून ठेवलं होतं.

"हे कशाला?"

"तेल पेटलं तर वर घालायला. पाणी नाही ओतायचं, भडकतं."

"वा. सगळी तयारी आहे. आता पेटायचं तेवढं राहिलंय."

दुपारी मास्तरांनी भाताचं शीत दाताखाली धरलं, बराच वेळ चावलं आणि म्हणाले, "भात आज जरा विचारात पडलाय." कुणी हसलं नाही. जेवण अर्धा तास उशिरा, गणवेश बारा मागं.

संध्याकाळी नवरा समजूत घालायला आला. हातात केळ्याची साल होती, कुठं टाकावी ते सुचत नसल्यासारखी.

"अगं, ऑर्डर होऊ दे ना. आईचा जीव आहे त्या पडद्यात. मग बघू काय ते."

"इस्त्री चालू ठेवून तुम्ही दारात जाता का हो?"

"नाही."

"का?"

"कपडा जळेल."

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्यानं साल खिशात घातली, मग लक्षात येऊन बाहेर काढली आणि गेला.

ती हट्टी होती असं मुळीच नाही. लग्न होऊन आल्यापासून चार वर्षांत तिनं या घरात कशालाही नाही म्हटलं नव्हतं. मिठाच्या डब्याची जागासुद्धा आपल्या सोयीनं बदलली नव्हती. पण मंगळवारपासून ती डोळे मिटले की तीच ज्योत बघत होती, आणि ज्योतीखाली टाळ्या वाजवणारे ते दोन हात. त्या हातांच्या पाठीवर अजून खळ्या पडत होत्या, हाडं कुठं आहेत हे समजू नये इतक्या. मीठ कुठंही राहो. यात मात्र ती एक बोटभरही मागं सरणार नव्हती. आणि मागं सरणार नाही हे ठरवल्यावर, तिला स्वतःलाच नवल वाटावं अशी, शांत झोप लागली.

गुरुवारी दुपारी सासूबाई बटणं बदलून आणायला बाजारात गेल्या. सून उंबऱ्यात बसून गणवेशांचे लोंबणारे धागे कापत होती. भिंगरी पडद्यापाशी मांडी घालून बसली होती आणि काठावरच्या एकेका पानाला बोट लावत होती. "पान. पान. पान." एका पानाशी ती थांबली आणि तिनं नाक मुरडलं. "शी."

"काय गं?"

"वास."

सुनेनं पुढं होऊन पान हुंगलं. धुतल्यावरही कापडात किंचित राहिलेला, कागदासारखा. हे मंगळवारचं, तर. जळकं भोक कुठं गेलं ते आता कळलं. भोकावर पान बसलं होतं. टाके इतके बारीक, की शिवणारीला मनातल्या मनात दाद द्यावीच लागली.

मग तिनं काठ उलटा केला.

सुलट्या बाजूला वेल होती. उलट्या बाजूला, प्रत्येक पानाच्या मागं, कडा करपलेलं एक भोक. काही रुपयाएवढी, एक चांगलं तळहाताएवढं. तिथं पान मोठं होतं, बाकीच्यांपेक्षा दुप्पट. सगळ्या गिऱ्हाइकांना तेच आवडायचं.

तिनं मोजली. नऊ.

मग मशीनच्या खणातला टाके उसवायचा काटा काढला, भिंगरीला नवऱ्याकडे दिलं, आणि पानं उसवायला बसली. घाई केली नाही. चांगल्या हातानं घातलेले टाके होते, ते कापडाला न दुखवता निघावेत असं तिला वाटत होतं.

सासूबाई परतल्या तेव्हा बेतायच्या टेबलावर नऊ पानं ओळीनं मांडलेली होती आणि पडद्याच्या काठातून पलीकडचा ओटा नऊ ठिकाणी दिसत होता. मास्तर कात्री हातात धरून उभे होते. नवरा पोरीला कडेवर घेऊन.

"काय केलंस हे?" सासूबाईंचा आवाज एकदम लहान झाला. "माझी पानं."

"ही पानं नाहीत, आई. ठिगळं आहेत."

असला शब्द त्या खोलीत सासूबाईंच्या शिवणाला कधी कुणी लावला नव्हता. त्यांनी पिशवी खाली ठेवली. बटणं आत खुळखुळली.

"अकरा वर्षांत काही झालं नाही म्हणालात."

मास्तरांनी घसा खाकरला. कोपऱ्यातलं एक पिवळं पान त्यांनी बोटानं पुढं सरकवलं. "हे माझं. तू तुझ्या बहिणीकडे गेली होतीस तेव्हाचं. अंडी उकडत होतो." ते पत्नीकडे बघत होते. "तू म्हणालीस, केवढंसं ते, पोरांना सांगू नका. मला वाटलं, तेवढं एकच. बाकीची नक्षी."

"हे माझं," नवरा म्हणाला. तपकिरी. "कॉलेजात होतो. चहा करत होतो. आई, तू मलाही हेच म्हणालीस. बाबांना सांगू नको."

प्रत्येकाला आपलं एकेक पान ठाऊक होतं आणि उरलेली आठ शोभेची वाटत होती. म्हणून कधी काही झालं नाही असं प्रत्येकजण अगदी मनापासून म्हणत आला होता. नऊच्या नऊ ठाऊक असलेलं माणूस घरात एकच होतं.

"ही पाच माझी," सासूबाई म्हणाल्या. "घाईच्या दिवसांतली." मग त्या सगळ्यात मोठ्या पानाशी आल्या आणि थांबल्या. "आणि हे तुझं."

"माझं मंगळवारचं. ते हिरवं."

"हेही तुझं. सातवा महिना होता तुला. तू खिडकीकडे तोंड करून उभी होतीस, माझ्याशी बोलत होतीस. तुझ्या मागं हा पेटला होता. मी हातानं दाबला." त्यांनी उजवा हात नकळत पदरात घेतला. "तू घाबरशील म्हणून सांगितलं नाही."

सुनेला एकदम आठवलं. तेव्हा सासूबाईंच्या हाताला आठ दिवस पट्टी होती. इस्त्रीचा चटका, असं त्या म्हणाल्या होत्या. त्या पट्टीच्या हातानंच त्यांनी तिचे पाय चेपले होते. तिला कळलं की आत्ता रडलं तर संपलं. सगळे रडतील, चहा होईल आणि पडदा राहील.

"आई, घाबरू द्यायचं होतं मला," ती म्हणाली. "मी आले तेव्हाच आधीच्या पानांचं ऐकून घाबरले असते, तर चार वर्षांपूर्वीच शेगडीपाशी नीट उभी राहिले असते. तुमचा हातही भाजला नसता."

तिनं ओट्याजवळचं स्टूल ओढलं आणि वर चढली.

"उतर खाली. बँकेतल्या बाई येतील आता, कोट बघायला."

"येऊ देत."

"अगं, त्यांना आतलं सगळं दिसेल. तुला माहीत नाही. पडदा नव्हता तेव्हा एक बाई आली होती, चांगल्या घरातली. तिनं आत बघितलं. भांडी, ओटा, वाळत घातलेली फडकी. कापड काखोटीला मारलं आणि म्हणाली, माझ्या कपड्याला तेलाचा वास लागेल. ह्या सगळ्यांच्या देखत." सासूबाईंनी मास्तरांकडे बघितलं नाही. "त्या रात्री मी पहिला त्रिकोण कापला."

सून स्टुलावर थांबली. अकरा वर्षं त्या एका बाईला आत दिसू नये म्हणून सासूबाई शिवत होत्या. तिला त्यांची कीव आली नाही. त्या बाईचा राग आला, जुन्या ओळखीच्या माणसाचा यावा तसा.

"तिला जे दिसलं ते आपलं घर होतं, आई. त्यात लपवायचं काय? ओटा मी रोज दोनदा पुसते. कुणाला बघायचा असेल तर बघू दे. हिच्या अंगावर कापड पेटण्यापेक्षा सगळ्या गावानं आत डोकावलेलं मला चालेल."

तिनं दांडी उचलली. पडदा घसरला आणि उंबऱ्यावर ढीग होऊन पडला. खोली अचानक मोठी झाली. मागच्या खिडकीतला उजेड सरळ मास्तरांच्या टेबलापर्यंत आला. मास्तर म्हणाले, "अरे, मला खडूच्या रेघा दिसतायत." त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

सासूबाई ढिगाकडे बघत उभ्या होत्या. त्या वाकल्या, पडदा उचलला, चार घड्या घातल्या आणि कपाटाच्या तळाशी ठेवला. नऊ पानंही ठेवली. बोलल्या काहीच नाहीत. सुनेला वाटलं, आता बोलणारही नाहीत, कदाचित महिनाभर. नाही बोलल्या तर नाही. तिनं शेगडी पेटवली. दोन दिवसांनी पहिल्यांदा. कढई ठेवली, तेल ओतलं, बटाट्याचे काप फडक्यावर पसरले, आणि झारा हातात घेऊन समोर उभी राहिली.

बँकेतल्या बाई आल्या. दार उघडलं, वारा आत आला, आणि हलायला काही नसल्यामुळे नुसताच निघून गेला.

"अय्या, पडदा कुठं गेला? किती छान होता."

"काढला," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या ओठांत टाचण्या आल्या होत्या.

बाई कोट चढवत होत्या. त्यांची मान सारखी आत वळत होती. "पण हे असं बरं दिसत नाही हो. आतलं सगळंच उघडं. तळणाचा वासही येतोय."

सुनेचा झारा तेलात थांबला. तिनं वळून बघितलं नाही; तेलावरची नजर काढायची नव्हती. पण कान सगळे पाठीला फुटले होते. पुढच्या खोलीत इस्त्रीसुद्धा थांबली.

सासूबाईंनी टाचण्या एकेक करून ओठांतून काढल्या. तीन होत्या. तिन्ही उशीत खोचल्या.

"आम्ही जेवतो, बाई," त्या म्हणाल्या. "जेवायचं तर तळावं लागतं. ते दिसणार, वासही येणार. कोट ब्रश करून, हवा लागू देऊन देईन, तुमच्या घरी लागेल तेवढाच वास इथं लागेल. आणि बघवत नसेल तर आरशाकडे तोंड करून उभ्या राहा."

बाई जरा चपापल्या. मग आरशाकडे वळल्या. आरसा उंच होता, दाराच्या अगदी समोर टांगलेला. त्यात बाई होत्या, त्यांचा अर्धा टाचलेला कोट होता, आणि त्यांच्या खांद्यावरून सबंध स्वयंपाकघर होतं. ओटा, शेगडी, कढई, कढईशेजारचं झाकण, आणि पाठ ताठ करून उभी असलेली सून.

सासूबाई गुडघ्यांवर बसल्या आणि कोटाचा काठ हातात धरला.

"हलू नका," त्या म्हणाल्या. "काठ वाकडा येईल."